डोंगरांतील थंडी

मार्गशीर्ष लागला कीं आमच्या छत्रपती संभाजीनगरांत "यंदा थंडी कितपत पडेल?" ही चर्चा सुरू होते. शहरांत हा प्रश्न फार तर स्वेटरांपुरता असतो. खुलताबादेपलीकडे म्हैसमाळच्या डोंगरांत राहणाऱ्यांस मात्र तो हरभरा, जनावरें आणि घरांतील वृद्ध माणसें यांचा प्रश्न होतो.

तेथील आमचे एक जुने विद्यार्थी गेल्या दिवाळींत भेटावयास आले. त्यांच्या मातोश्रींस दम्याची व्यथा आहे. "गुरुजी, वर थंडी फार. आईला हिवाळाभर खालीं ओढ्याकांठच्या मळ्यांत ठेवूं का?" असें त्यांनीं विचारलें.

१८७५ सालीं स्थापन झालेलें हवामानखातें नोव्हेंबरअखेर डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज प्रसिद्ध करितें. त्यांत किमान तापमान सरासरीहून अधिक वा उणें राहण्याचा संभव मोठ्या प्रदेशापुरता सांगितलेला असतो. अमुक वस्तीवर अमुक रात्रीं किती अंश, हें त्यांत शोधणें व्यर्थ होय. शहराचा आंकडा चिकलठाण्याच्या वेधशाळेचा. तो त्या जागेपुरता खरा. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मार्गशीर्षापासूनचीं आकाशलक्षणें पाहून १९५ दिवसांनंतरच्या पर्जन्याचें अनुमान सांगितलें आहे. पण रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्याचेंच वचन खरें ठरतें, असेंही तो बजावतो.

उंचीबरोबर हवा थंड होते, दर १००० मीटरला सरासरी ६.५ अंश, हें खरें. परंतु निरभ्र, निवांत रात्रीं हा नियम उलटतो. जमीन आपली उष्णता आकाशांत टाकून निवते. तिला लागलेली हवा थंड व जड होऊन पाण्यासारखी उतारानें वाहते आणि खोलगटांत सांचते. महाबळेश्वरीं गांवांत पारा बराच वर असतां खालीं वेण्णा तलावाकांठीं व लिंगमळ्यास दंव गोठतें, तें यामुळेंच. पश्चिमी विक्षोभ हिमालयांत बर्फ पाडून पुढें सरकले कीं उत्तरेचे कोरडे वारे आपल्याकडे येतात; पुढें वारा पडून आकाश स्वच्छ राहिलें कीं अशा रात्री येतात. आभाळ आलें तर तें पांघरुणाचें काम करितें. वारा सुटला तर मात्र माथाच अधिक गारठतो.

म्हणून आम्हीं सांगितलें, "आईंना ओढ्याकांठीं नेऊं नका. उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला तुमचें घर आहे, तेंच बरें. बंद खोलींत कोळशाची शेगडी ठेवून मात्र कोणी निजूं नका. तिचा वायु वास नसतांही प्राण घेतो. आणि दोन्ही ठिकाणीं एकेक उष्णतामापक टांगून पहांटेचा आंकडा वहींत लिहीत चला."

पौषांत त्यांचें पत्र आलें. मळ्यांतील पारा बहुतेक पहांटे घरच्याहून खालींच होता; आभाळाच्या दिवसांत तेवढा फरक उरला नाहीं. मातोश्रींचा हिवाळा घरांत बरा चालला होता. ज्या वाचकांचे आप्त अशा डोंगरांत राहतात, त्यांनीं यंदा शालीबरोबर एक उष्णतामापकही धाडावा.