बाबांचा स्ट्रायकर

सौदीतल्या जिझानच्या हवेत कॅरमचा बोर्ड जपणं हे रोजचं काम आहे. तांबड्या समुद्राच्या काठावरचं हे गाव इतकं दमट, की नोव्हेंबरातही संध्याकाळी कॉर्निशवर चार पावलं चाललं तरी पाठ भिजते. प्लायला ही हवा लागली की तो मधोमध फुगतो आणि पावडर कितीही टाकली तरी सोंगट्या ओल्या रेतीतून चालल्यासारख्या जातात. म्हणून आमच्या नर्सेस हॉस्टेलच्या खोलीत बोर्ड एसीच्या समोर, जमिनीला न टेकवता, दोन उशांवर उभा असतो. एसी बंद केला की त्याला आधी जाड चादर गुंडाळायची.

बोर्ड इथला, पण त्यावर चालणारा स्ट्रायकर लालबागचा. पिवळा पडलेला, एका कडेचा टवका उडालेला. बाबा तो हस्तिदंती असल्याचं सांगायचे. मला ते खरं वाटत नाही, पण बोटाखाली त्याचा जो थंड भरीवपणा लागतो तो आताच्या ॲक्रिलिकच्या स्ट्रायकरला नाही. स्पर्धेच्या नियमात १५ ग्रॅमपेक्षा जड स्ट्रायकर चालत नाही. हा जडच असणार. बाबांकडे तो गिरणीतल्या एका साच्यावाल्याकडून आला होता आणि माझ्याकडे तो बाबांनी नर्सिंगच्या हॉस्टेलला सोडताना, ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली ठेवून दिला होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, हे मला मोठेपणी वाचून कळलं. तेव्हा मला दिसलं ते एवढंच, की दुपारी रिकामी असणारी चाळीची गॅलरी एकाएकी पुरुषांनी भरून गेली. त्याआधी दुपार आम्हा मुलींची असे. पहिल्या पाळीचे कामावर, तिसऱ्या पाळीचे झोपलेले, आणि मंडळाचा कॅरम आमच्या ताब्यात. संपाने तो आमच्याकडून काढून घेतला. सकाळी दहापासून बोर्डावर माणसं बसत. वर टांगलेला बल्ब रात्री उशिरापर्यंत जळत राही, आणि आम्ही मुली कठड्याला टेकून नुसत्या बघत राहायचो.

बघता बघता ऐकतही होतो. बोनस, बदली कामगारांना कायम करणं, पगारवाढ हे शब्द मी सोंगट्यांच्या टकटकीत ऐकले. पण ती माणसं सगळ्यात जास्त चिडायची ती एका गोष्टीवर. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी मालकांशी बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला, होता. अडीच लाख माणसं रस्त्यावर, आणि त्यांनी आपला म्हणून निवडलेला माणूस बोलण्यांच्या टेबलाशी बसू शकत नाही. बाबा तावातावाने बोलणारे नव्हते. हा विषय निघाला की ते स्ट्रायकर रेषेवर ठेवून थांबत आणि म्हणत, "आमच्याबद्दल ठरवतायत, आणि आम्हालाच विचारत नाहीत." संप मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलं नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले.

मला खेळायला शिकवलं ते बाबांनी त्याच काळात, रात्री सगळे उठून गेल्यावर. एकदा बसलं की जागेवरून उठायचं नाही. खुर्ची पुढे-मागे सरकवायची नाही. सोंगटी अवघड कोपऱ्यात अडकली म्हणून बोर्डाभोवती फिरता येत नाही. बसल्या जागेवरून वाट काढायची, कट मारून, समोरच्या कडेला आपटून, नाहीच जमलं तर दुसऱ्याची सोंगटी हलवून. आणि राणी घेतली तरी ती आपली झाली असं नाही, तिच्या मागोमाग आपली एक सोंगटी घालून तिला कव्हर द्यावं लागतं. घरात तेव्हा पैसे नव्हते आणि आई दादरला डबे पोचवत होती. त्या सगळ्यात बाबांनी मला सलग तास-तासभर दिला. माझ्या बालपणातला सगळ्यात श्रीमंत तास तो.

पुढे अभ्यास, परीक्षा, मुंबईतल्या नाइट ड्युट्या, लग्न, डोंबिवली. स्ट्रायकर बरोबर होता, बोर्ड नव्हता.

जिझानला मी २०१६ मध्ये आले. शेजारच्या येमेनमधलं युद्ध वर्षभर आधीच पेटलं होतं आणि हा प्रांत थेट त्या सीमेवर. रात्री कुठेतरी लांब धडाका व्हायचा, खिडकीची काच थरथरायची, सकाळी बातमी यायची की क्षेपणास्त्र हवेतच पाडलं. प्रत्येक वेळी ते हवेतच पडलं असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये याच प्रांतातल्या सामता गावात दोन माणसं मेली. एप्रिल २०२२ च्या शस्त्रसंधीपर्यंत आम्ही त्या आवाजाला कान लावूनच झोपत होतो. तसल्याच एका रात्री पालक्काडची नर्स, जिला आम्ही चेची, म्हणजे ताई, म्हणतो, ती म्हणाली, जागायचंच आहे तर काहीतरी करत जागू या. दुसऱ्या दिवशी बाजारातून बोर्ड आला. मी पेटीतून स्ट्रायकर काढला.

आता आमची चौकडी पक्की आहे. चेची, मी, वायनाडची एक तरुण नर्स, आणि आमच्याच वॉर्डातली अबू अरीशची सहकारी. ती गुरुवारी संध्याकाळी येते, कारण शुक्रवार-शनिवार सुट्टी. येताना कधी मोगऱ्याच्या माळा आणते. इथल्या लग्नांत बायका केसांत, गळ्यात मोगऱ्याच्या जाड माळा घालतात. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला दादरचा फुलबाजार आठवून रडू आलं होतं. कॅरम तिच्या घरी लहानपणापासून आहे, आणि तिचा नेम आम्हा तिघींपेक्षा चांगला आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरातला एक आठवडा मला कायम लक्षात राहील. १७ तारखेच्या रविवारी इथला कामाचा आठवडा सुरू झाला. बुधवारी, २० तारखेला, महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान आणि त्याच दिवशी पालक्काडची पोटनिवडणूक. वायनाडची लोकसभा पोटनिवडणूक १३ लाच झाली होती. शनिवारी, २३ ला, सगळ्यांची मतमोजणी एकदम. त्यातच वायनाडच्या मुलीची जर्मनची परीक्षा जवळ आलेली. तिला जर्मनीत नोकरी हवी आहे, त्यासाठी ती भाषा यायला हवी. तेव्हा तो आठवडाभर आम्ही खेळलो ते असे, की तिची पाळी आली की आधी तिने एक वाक्य जर्मनमध्ये म्हणायचं, रुग्णाला कुठे दुखतं, किती दिवसांपासून, आणि मग मारायचं. आम्हा तिघींनाही त्यातली काही वाक्यं पाठ झाली.

चेची डाव्या विचारांच्या घरातली, ही मुलगी काँग्रेसच्या. दोघी समोरासमोर बसणाऱ्या जोडीदार. भांडण व्हायचं, आवाज चढायचे, पण वायनाडमधल्या चूरलमलाचं नाव निघालं की दोघी गप्प होत. ३० जुलैला दरड कोसळली तेव्हा त्या मुलीच्या ओळखीची कितीतरी घरं गेली होती. निवडणूक तिच्यासाठी त्या घरांची होती. मी माझ्या फोनवर प्रचाराच्या भाषणांत गिरणी कामगारांच्या घरांबद्दल कोण काय बोलतं ते शोधत होते.

बुधवारी दुपारी लेकीने फोटो पाठवला. पहिलंच मतदान तिचं. डाव्या हाताचं बोट, नखावरून खाली ओघळलेली शाई. फोटो वॉर्डभर फिरला. अबू अरीशच्या मैत्रिणीने विचारलं, "आणि तुझं?"

२०११ पासून परदेशातल्या भारतीयाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. मत द्यायला मात्र आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः, मूळ पासपोर्ट घेऊन उभं राहावं लागतं. सैन्यातल्या मतदाराला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मिळते. तशी सोय आम्हालाही द्यावी असं निवडणूक आयोगाने २०२० मध्ये सरकारला सुचवलं होतं. झालेलं नाही. २०२४ च्या लोकसभेला परदेशातल्या १ लाख १९ हजार नोंदलेल्या मतदारांपैकी मत देऊन गेले २,९५८, आणि त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. चेचीच्या गावची माणसं आखातातून विमानं भरून जातात. आम्हा मराठी माणसांत ही ओढ का नाही, हे मला लागतं. पण त्याहून जास्त लागतो तो नियम. जिझानहून जेद्दा, तिथून मुंबई, रजा, तिकीट, आणि तेही मतदान आठवड्याच्या मध्यावर. इथे राबणारे बहुतेक जण एका मतासाठी महिन्याचा पगार घालवू शकत नाहीत. आम्ही पैसे पाठवतो ते देशाला चालतात, आमचं मतही इथे बसल्या जागेवरून चालायला हवं. बाबांचं वाक्य मी त्या दुपारी अबू अरीशच्या मैत्रिणीला इंग्रजीत सांगितलं. तिने मान हलवली आणि काही बोलली नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला, म्हणजे तिकडे आठला, तीन फोन भिंतीला टेकवून ठेवले. वायनाडला काँग्रेसची आघाडी भराभर चार लाखांच्या पार गेली. पालक्काडला चेचीची बाजू हरली. महाराष्ट्रात भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. दुपारपर्यंत सगळं ठरलेलं होतं. चेचीने न बोलता बोर्ड आडवा केला, पावडर टाकली आणि ब्रेक मला दिला.

डिसेंबरात मी परदेशातल्या मतदाराच्या नोंदणीचा फॉर्म ६ए भरला. पासपोर्टावरचा डोंबिवलीचा पत्ता, व्हिसाची प्रत, फोटो. वायनाडच्या मुलीने स्कॅन करून दिलं, चेचीने तिच्या अनुभवाने दोन रकाने दुरुस्त करायला लावले. मतदानाची तारीख लागली की रजेसाठी अर्ज करायचा आहे, आणि रजा मिळाली नाही तर ड्युटी कोण बदलून घेणार यावर दोघींचं आत्ताच भांडण सुरू आहे.