मोठ्या लिपीतले वाक्य

टेक्सस राज्यातल्या शालेय जिल्ह्याला कर्जरोखे काढायचे असतील तर मतदारांची संमती घ्यावी लागते, आणि २०१९ सालापासून त्या मतपत्रिकेवर एक वाक्य छापणे कायद्यानेच बंधनकारक झाले आहे : 'ही मालमत्ता करातील वाढ आहे.' इंग्रजीत हे वाक्य सबंध मोठ्या लिपीत असते. देवनागरीला लहानमोठ्या लिपीचा भेद नाही, त्यामुळे त्या वाक्यातला आरडाओरडा मराठीत उतरत नाही. गंमत अशी की ज्या वर्षी कराचा दर तसूभरही वाढणार नसतो त्या वर्षीही हे वाक्य तसेच छापले जाते. मग शालेय जिल्हा आपल्या माहितीपत्रकात खुलासा करतो की दर वाढणार नाही, परंतु कायद्यामुळे असे छापणे आम्हांला भाग आहे. एकाच प्रस्तावाविषयीची ही दोन विधाने एकमेकांना छेद देतात, आणि दोन्हीही खरी असतात. अशा विधानांना काय म्हणायचे ते साहित्याच्या वर्गात आपण शिकतो-शिकवतो. इथे त्यांच्यावर घराचा मासिक हप्ता ठरतो.

दोन्ही खरी कशी, ते पाहण्यासारखे आहे. कर आकारला जातो तो घराच्या दर शंभर डॉलर किमतीमागे अमुक सेंट असा. दर तोच राहिला आणि घराची किंमत वाढली की कर वाढतो. शिवाय जुनी कर्जे फिटत आली की दर खाली यायला हवा. नवे कर्ज काढले की तो खाली येत नाही. न घटलेल्या कराला वाढ म्हणायचे की नाही हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच व्याकरणाचाही आहे. कायदा करणाऱ्यांनी त्याचे उत्तर एका बाजूने देऊन टाकले, आणि मतदाराच्या हाती प्रश्न जाण्याआधीच त्याच्या सुरात एक उत्तर मिसळून दिले. मतपत्रिकेने वाचकाला असे ढोसावे हे मला रुचत नाही. पण त्याआधीची पंधरावीस वर्षे ज्या भाषेत हे प्रस्ताव मांडले जात होते ती भाषा आठवली की तो राग थोडा निवळतोही.

'शालेय जिल्हा' ही संज्ञा आपल्याकडच्या वाचकाला फसवी वाटेल. महसुली जिल्ह्याशी तिचा संबंध नाही. स्वतःचे निवडून आलेले मंडळ, स्वतःची हद्द आणि स्वतःचा कर असलेली ती एक स्वतंत्र सत्ता असते. टेक्ससमध्ये या कराचे दोन भाग असतात. एकातून शिक्षकांचे पगार, वीज, बसचे इंधन असा चालू खर्च भागतो; दुसऱ्यातून फक्त कर्जाची मुद्दल आणि व्याज. दुसऱ्या खिशातले पैसे पहिल्या खिशात घालता येत नाहीत. कर्जरोख्यांच्या पैशांतून इमारत बांधता येते, बस घेता येते, मैदान उभारता येते, परंतु एका शिक्षिकेचा एका महिन्याचा पगारही देता येत नाही. ही एक गोष्ट ध्यानात घेतली नाही तर पुढचा सगळा वाद नुसता भाबडा संताप होऊन बसतो, आणि पुष्कळदा तो तसा होतोही.

डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाचे उपनगर आहे. २०१० च्या जनगणनेत तिथली वस्ती सुमारे ८४ हजार होती. मे २००९ मध्ये तिथल्या मतदारांनी जवळजवळ १२ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना संमती दिली. त्यात एक नाट्य-संगीतगृह होते, बसगाड्या व इतर सेवांसाठी एक इमारत होती, आणि होते सुमारे ६ कोटी डॉलर खर्चाचे, १८ हजार प्रेक्षकांचे फुटबॉलचे मैदान. म्हणजे गावातल्या दर पाच माणसांमागे एकाला बसता येईल एवढे. फुटबॉल अर्थात अमेरिकन; पायापेक्षा हातांनी अधिक खेळला जाणारा. ऑगस्ट २०१२ मध्ये मैदान खुले झाले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली, आणि शालेय मुलांच्या खेळासाठी ६ कोटी डॉलर हा आकडा अमेरिकेच्या अतिरेकाचा दाखला म्हणून जगभर फिरला.

त्या छायाचित्रांत जे दिसत नव्हते तेही सांगायला हवे. ॲलनने शहराचे दोन तुकडे करून दोन माध्यमिक शाळा काढण्याऐवजी एकच प्रचंड शाळा ठेवली होती. सामन्यांना एवढी गर्दी व्हायची की जुन्या मैदानात भाड्याच्या तात्पुरत्या बैठका आणून लावाव्या लागत. शाळेचे संचलनवादक पथकच सहाशेहून अधिक मुलांचे. देशातल्या सर्वांत मोठ्या शालेय पथकांपैकी एक. नव्या मैदानाच्या पोटात कुस्तीचा आणि गोल्फचा सराव करण्याची जागाही होती. शुक्रवारच्या रात्री तिथे गेलेल्या माणसाला हे सारे वेडेपण आहे असे म्हणणे जड जाते. एका गावाने एका जागी बसून एकाच गोष्टीकडे पाहावे असे प्रसंग उपनगरी आयुष्यात फार थोडे येतात. आपल्याकडच्या जत्रेची आठवण यावी, पण इथली जत्रा तारखेला, वेळेला आणि वाहनतळाच्या पावतीला बांधलेली.

तरीही माझे मत मैदानाच्या विरुद्धच आहे, आणि त्याचे कारण २०११ मध्ये आहे. त्या वर्षी टेक्ससच्या विधिमंडळाने दोन वर्षांच्या अंदाजपत्रकात शाळांच्या निधीला ५०० कोटी डॉलरहून मोठी कात्री लावली. राज्यभर शिक्षकांच्या जागा गेल्या, वर्गांतली गर्दी वाढली. मैदानाचे काम मात्र चालूच राहिले, कारण ते दुसऱ्या खिशातले होते. 'शिक्षक घालवता आणि मैदान बांधता?' या प्रश्नाला 'हा पैसा त्यासाठी वापरताच येत नाही' हे उत्तर कायदेशीरदृष्ट्या निखालस बरोबर होते. अस्वस्थ करते ते हेच. दोन खिसे कोणी शिवले? ते शिवताना कोणी विचारले का, की मुलांना इमारत हवी की बाई?

आणखी एक धागा क्वचितच उलगडून दाखवला जातो. १९९३ सालच्या कायद्याने टेक्ससमधल्या श्रीमंत शालेय जिल्ह्यांच्या चालू खर्चाच्या कराचा काही भाग राज्य काढून घेते आणि गरीब जिल्ह्यांकडे वळवते. लोक त्याला 'रॉबिनहूड' योजना म्हणतात. पण कर्जफेडीसाठीच्या कराला ही वजावट लागू नाही. पगारांसाठी गोळा केलेल्या डॉलरमधला काही हिस्सा गावाबाहेर जातो. काँक्रीटसाठी गोळा केलेला डॉलर सगळाच्या सगळा गावात राहतो. एवढे कळल्यावर सधन उपनगरांतल्या भव्य वास्तूंकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. हौस आणि खेळाचे वेड हे त्यांचे कारण असेलच. पण कायद्याने ज्या बाजूला उतार ठेवला त्या बाजूला पाणी वाहिले, हेही एक कारण आहे.

पुढे जे झाले ते कादंबरीत कोणी लिहिले असते तर आपण लेखकाला बटबटीत म्हटले असते. फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे उद्घाटनाला पुरती दोन वर्षेही झाली नसताना, मैदानाच्या काँक्रीटला भेगा पडल्यामुळे ते बंद करावे लागले. तपासणीत रचनेतच उणिवा आढळल्या. २०१४ चा सबंध हंगाम ॲलनचा संघ दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला, आणि त्या वर्षीचे राज्य विजेतेपद त्यानेच जिंकले. सलग तिसरे. सहा कोटींच्या मैदानाची गरज किती होती, या प्रश्नाचे इतके नेमके उत्तर त्या मुलांनी दिले, पण ते वादात कोणी फारसे वापरले नाही. २०१५ मध्ये डागडुजी होऊन मैदान पुन्हा उघडले. शेजारच्या मॅकिनी गावाने २०१६ साली आपल्याही मैदानासाठी कर्जरोखे मंजूर केले, आणि तेही मैदान सहा कोटींच्या पुढेच गेले.

ह्यूस्टनजवळच्या केटीची गोष्ट शब्दांच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये तिथल्या मतदारांनी मैदानाचा मोठा वाटा असलेला प्रस्ताव सरळ फेटाळला. पुढच्याच वर्षी मैदान पुन्हा आले, पण आता ७४ कोटी ८० लाख डॉलरच्या गाठोड्यात, नव्या शाळांच्या सोबतीने. आणि मंजूर झाले. शाळा हव्या असतील तर मैदानही घ्या. हे गाठोडे सोडवायला लावणारी तरतूदही २०१९ च्याच विधिमंडळाची : मैदान, तरणतलाव, नाट्यगृह यांसाठी आता वेगवेगळी कलमे मतदारांपुढे ठेवावी लागतात. परिणाम दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये डॅलसच्या उत्तरेच्याच प्रॉस्पर गावाने शाळांसाठी २०० कोटी डॉलरहून अधिक कर्जाला होकार दिला आणि ९ कोटी ४० लाखांचे मैदान नाकारले.

हा केवळ टेक्ससचा रोग आहे असे मात्र नव्हे. लॉस एंजेलिसमध्ये २०१० साली रॉबर्ट केनेडींच्या नावाचे शाळासंकुल उघडले, त्यांना १९६८ साली जिथे गोळ्या घातल्या गेल्या त्याच हॉटेलच्या जागेवर. खर्च ५७ कोटी ८० लाख डॉलर. ॲलनपेक्षा कितीतरी मोठा आकडा, तरी माझा राग तिथे कमी होतो : त्या दाट, गरीब वस्तीतली मुले वर्षानुवर्षे बसमधून दूरदूरच्या शाळांत पाठवली जात होती. सॅन डिएगोजवळच्या पोवे जिल्ह्याने तर कमालच केली. २०११ साली त्याने सुमारे साडेदहा कोटी डॉलर असे उचलले की पहिली वीस वर्षे काहीच फेडायचे नाही. त्यानंतर फेडायची रक्कम जवळजवळ १०० कोटी. मतदारांना वचन होते की कराचा दर वाढणार नाही, आणि ते वचन अक्षरशः पाळण्याचा हाच मार्ग उरला होता! २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा कर्जांना लगाम घातला. पोवेचे हप्ते ज्यांना फेडायचे आहेत त्यांतले कित्येक त्या दिवशी पहिलीच्या वर्गात असतील.

इथे मला आपला 'वर्गणी' हा शब्द आठवतो. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी उभ्या केलेल्या शिक्षणकार्याला बायकांनी रोजच्या दळणातून काढून ठेवलेल्या मूठभर धान्याचा आधार होता. मूठ भरते ती आज घरात असलेल्या धान्याने. रोखा भरतो तो अजून न पेरलेल्या पिकाने. मी गतकाळाचे गोडवे गाण्यासाठी हे म्हणत नाही. मुठीच्या बळावर पाच हजार मुलांची शाळा उभी राहत नाही, आणि जी इमारत चाळीस वर्षे वापरायची तिचा भार चाळीस वर्षांतल्या लोकांनी वाटून घ्यावा हे न्याय्यही आहे. प्रश्न एवढाच की इमारत चाळीस वर्षे टिकावी. दुसऱ्याच वर्षी तिला भेगा पडू नयेत.

माझा या सगळ्याशी संबंध दुहेरी आहे. नागरिकत्व मिळण्यापूर्वीची अकरा वर्षे मी अशाच एका उपनगरात मालमत्ता कर भरला आणि एकदाही मत दिले नाही. आमच्या गल्लीतली निम्मी घरे तशीच : तेलुगू, तमिळ, मराठी, कर वेळेवर, मत शून्य. प्रतिनिधित्वाशिवाय कर नको म्हणून जो देश जन्माला आला त्याच्या शाळांचा इतिहास शिकून आमची मुले घरी येत आणि आम्ही त्यांना काही बोलत नसू. समोरच्या घरातले वृद्ध गृहस्थ दर निवडणुकीला मत देत. पासष्टी उलटल्यामुळे त्यांच्या राहत्या घरावरचा शालेय कर कायद्याने गोठलेला. ते मैदानाच्या बाजूने मत देत. माणूस सज्जन; बर्फ पडला की आमच्याही दारातला तेच काढत.

दुसरा संबंध अधिक अवघड आहे. अमेरिकेतले मराठी नाटक या कर्जरोख्यांवर जगते. मुंबई-पुण्याहून दौऱ्यावर येणारी नाटके, गणपतीतले आमचे हौशी प्रयोग, एकांकिका हे सारे होते ते शालेय जिल्ह्यांच्या नाट्यगृहांत, तासाच्या भाड्याने. रविवारी मी ज्या वर्गात मुलांना जोडाक्षरे शिकवते तो वर्गही भाड्याचाच. दौऱ्यावर आलेल्या एका ज्येष्ठ नटाने आमच्या गावातल्या शाळेच्या रंगमंचावर विंगेतली जागा पावलांनी मोजली, वर दोरांकडे पाहिले, आणि कितवीच्या मुलांसाठी आहे हे, असे विचारले. मला त्या क्षणी अभिमान वाटला. मैदानाला अतिरेक म्हणणारी मी, त्या वर टांगलेल्या पडद्यांना अतिरेक म्हणत नव्हते. माझी जत्रा ती गरज आणि शेजाऱ्याची ती चैन, असा हा हिशेब आहे, आणि तो मला पुरता सोडवता आलेला नाही. २०१९ चा कायदा करणाऱ्यांना तो फरक मान्य नाही. त्यांनी फुटबॉल आणि नाटक एकाच संशयाच्या रांगेत उभे केले.

आमच्या गावी गेल्या वेळी तीन कलमे होती : शाळांची दुरुस्ती, मैदानाचा विस्तार, नाट्यगृह. तिन्हींखाली ते मोठ्या लिपीतले वाक्य. पहिल्याला मी होकार दिला, दुसऱ्याला नकार. तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबले आणि होकाराचा चौकोन निवडला. घरी आल्यावर कळले की नवऱ्याने तिसऱ्यालाही नकार दिला होता. नाटकांना तोच मला ओढून नेतो. 'भाडं देऊ की आपण,' तो म्हणाला, 'पण समोर नाटक कधी न पाहणारे शंभर जण आहेत, त्यांनी तीस वर्षं का फेडावं?' मी म्हटले, मग मैदानाचे तू कधी बोलला नाहीस. तो म्हणाला, 'मैदानालाही नकोच म्हटलं.' जेवण होईपर्यंत आम्ही त्यावर बोलत होतो, आणि मुलगी विचारत होती की बाबा मत कोणत्या भाषेत देतात.