‘तो काही करत नाही’

कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं, ‘घाबरू नका, तो काही करत नाही.’ कुत्रा खरोखर चावला की या वाक्याचं काय होतं, हे मागच्या वर्षी आमच्या घरानं पाहिलं.

माझा नऊ वर्षांचा भाचा जिना उतरत होता. शेजाऱ्यांचं दार उघडं राहिलं, कुत्रा बाहेर धावला आणि त्यानं मुलाच्या पोटरीचा लचका तोडला. आपानं जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरली आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. जखम खोल होती, म्हणून रेबीजच्या लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागलं. संध्याकाळी शेजारी आले, विचारपूस केली आणि जाताना म्हणाले, ‘पोरगं पळालं म्हणून चावला. तसंही तुमच्यात कुत्रं चालत नाहीच ना.’

इमारतीत मुसलमानांची घरं दोनच. अम्मी म्हणाली, ‘जाऊ दे. तक्रार केली तर म्हणतील, कुत्र्याच्या मुळावर उठले.’ मुलाच्या पायाचा प्रश्न बघता बघता आमच्या धर्माचा झाला.

कायदा मात्र धर्म विचारत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुन्या दंडविधानात हेच कलम 289 होतं, दंड एक हजारापर्यंत. उपचारांचा खर्च आणि भरपाई यांसाठी दिवाणी दावाही करता येतो. भटक्या कुत्र्याला मालक नसतो, तिथं नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेवर येते. पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत बोट दाखवायला महापालिका नाही, मालकच आहे.

कागदावरचा हा कायदा चालतो मात्र संथ. मुंबईत 2010 साली रॉटवायलरनं एका वृद्धाला चावा घेतला, मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती 2023 मध्ये. वरळीत 2018 साली लिफ्टमध्ये कुत्रा चावला, निकाल 2025 मध्ये लागला. इतकी वर्षं कोर्टाची पायरी चढायची ताकद किती घरांत असते?

‘तुमच्यात चालत नाही’ याचं उत्तरही शोधलं. कुत्र्याची लाळ लागली तर धुवावं लागतं, हे खरं. पण तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहनं माफ केल्याची हदीसही आमचीच, आणि गुहेतल्या साथीदारांचा कुत्रा तर कुरआनातच आहे. एकोणिसाव्या शतकात उस्मानी राज्यात हनफी फिकहवरून ‘मजल्ला’ नावाची संहिता तयार झाली. तिच्या कलम 929 चा आशय असा : जनावरानं आपणहून केलेल्या नुकसानीला मालक एरवी जबाबदार नाही, पण चावरा कुत्रा बांधून ठेव असं मोहल्ल्यातल्या कुणी बजावलं असताना त्यानं तो मोकळा सोडला आणि दुसऱ्याच्या जनावराचं किंवा मालाचं नुकसान झालं, तर भरपाई त्यानं द्यायची. म्हणजे बजावण्याला वजन आहे. आपल्या कोर्टातही मालकाला धोका ठाऊक होता का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

म्हणून आपानं सोसायटीला लेखी पत्र दिलं. कुत्रा हटवा असं त्यात नव्हतं. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, आणि तशी आमची इच्छाही नव्हती. जिन्यात आणि लिफ्टमध्ये पट्टा हवा, लसीकरणाचा दाखला आणि महापालिकेचा परवाना दाखवावा, उपचारांचा खर्च द्यावा, एवढंच. पत्राची पोच घेतली, दवाखान्याचे कागद जोडले.

खर्च मिळाला, पट्टाही आला. शेजारीण मात्र आपाशी अजून बोलत नाही, आणि भाचा जिना सोडून लिफ्टनं जातो. तरी ते पत्र दिलं याचं मला समाधान आहे. अल्पसंख्य माणसानं शेजार राखण्यासाठी बरंच काही पोटात घालावं, हे मी मानतो. पण पोराची जखम त्यात बसत नाही. आणि कुत्र्यावर रागही नाही; त्याला पट्टा बांधायचं काम त्याचं नव्हतंच.