इंजिन बांधताना

मामा माझ्या नात्यातले नाहीत. १९८२च्या संपात त्यांची मुंबईतली गिरणी सुटली. गावाकडं येऊन ते फियाट बांधायला लागले. मी इथल्या सूतगिरणीतला. रातपाळी सुटली की त्यांच्या शेडमध्ये जातो.

यंदा एका शेठची जुनी प्रीमियर पद्मिनी आली. १०८९ सीसीचं इंजिन, पार जाम. पिस्टन सोडवायलाच आठवडा गेला. हेड बसवताना मी एक नट रागानं आवळला. आटे गेले. मामा शिवी देतील वाटलं. म्हणाले, "राग कवितेत घाल. हितं मधनं बाहेर, सगळे थोडे थोडे आवळ. एकालाच पिळलास तर गास्केट उडतंय."

आधीच्या गॅरेजात आडनाव कळल्यावर माझा कप वेगळा झाला होता. म्हणून इथं मी अर्धंच नाव सांगितलेलं. मामांनी कधी खोदून विचारलं नाही. स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून मला द्यायचे.

गाडी चालू झाली. शेठ खूश. मामा म्हणाले, "इंजिन ह्यानं बांधलंय."

"पूर्ण नाव काय रे तुझं?" शेठनं विचारलं.

मामांनी माझ्याकडं बघितलं. इंजिन चालूच होतं. मी आडनावासकट सांगितलं. जरा मोठ्यानंच.