डिकीतलं दुकान

आपल्याकडे वस्तू टाकत नाहीत, त्या माळ्यावर जातात. माळा भरला की पडवीत, पडवी भरली की गोठ्यात. आणि गोठ्यात गुरं नसतील तर मग विचारूच नका. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराचं हे डिरेक्टरी स्ट्रक्चर. त्यात डिलीट नावाची कमांडच नाही.

आमचं घर नागावला, अलिबागहून रेवदंड्याला जाणाऱ्या रस्त्यालगत. नारळ-सुपारीची छोटीशी वाडी आणि मधे कौलारू घर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दोन माड माजघरावर आडवे झाले. कौलं गेली, पत्रे आले. चार-पाच वर्षं तशीच ढकलली. शेवटी ठरलं, घर उतरवायचं, दोन साध्या खोल्या बांधायच्या आणि आईने पुण्याला आमच्याकडे यायचं. म्हणजे आधी घर रिकामं करणं आलं.

आता जुन्या वस्तू विकायच्या म्हणजे आपल्याकडे पर्याय किती? कपडे असतील तर बोहारीण, तीही हल्ली क्वचित दिसते. लाकडी सामान असेल तर जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यातले जुन्या फर्निचरचे व्यापारी, ते खांब-दरवाजेसुद्धा नेतात. एकेक वस्तू फोटो काढून नेटवर टाकता येते, पण मग 'लास्ट प्राइस?' एवढंच विचारून गायब होणारे पन्नास जण सांभाळा. आणि बाकी सगळ्यासाठी भंगारवाला. त्याच्या तराजूत आजीचं घंगाळ आणि तुटका नळ सारखाच, दोन्ही 'मोड'. पितळेचे किलोला साडेतीनशे म्हणाला.

२००८ साली इंग्लंडमध्ये ऑनसाइट होतो तेव्हा रविवारी सकाळी एक प्रकार बघायचो, कार बूट सेल. एखाद्या मोकळ्या मैदानात लोक गाड्या ओळीने लावतात, जागेचे थोडे पैसे देतात, डिकी उघडतात आणि घरातलं नको असलेलं सगळं मांडून बसतात. कपबशा, खेळणी, चित्रांच्या चौकटी, काहीही. बँकेतला मॅनेजरसुद्धा आपली जुनी इस्त्री पन्नास पेन्सला विकत बसलेला. कुणाला त्यात काही वाटत नाही.

म्हटलं, आपणही लावू डिकी. नोव्हेंबरातला रविवार, बीचवर येणाऱ्या गाड्यांची रीघ आणि रस्त्याला लागून आपलंच फाटक. यापेक्षा चांगली जागा मिळणार कुठे?

आईचा पहिला प्रश्न होता, "आळीत काय म्हणतील?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भांडी विकायची पाळी येणं म्हणजे घर बुडणं, हे आपल्या भाषेतच आहे. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलंच, "काय गं, सगळं बरं आहे ना?" आई म्हणाली, "बरं आहे म्हणूनच विकतेय."

तर मंडळी, सकाळी आठला वॅगन-आरची डिकी उघडली. शेजारी दोन बाकं, त्यावर घंगाळ, हंडे, फिरकीचे तांबे, अडकित्ता, कंदील. जातं आणि पाटा-वरवंटा खाली जमिनीवर. बायकोने रात्री बसून प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावली होती. आई खुर्ची टाकून बसली आणि तिने त्या चिठ्ठ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मुंबईच्या एका जोडप्याला जातं हवं होतं, बंगल्याच्या बागेत ठेवायला. चिठ्ठीवर दोन हजार. आई म्हणाली, तीन. त्यांनी दिले! मग मासळी विकून परतणारी एक बाई थांबली, पाटा बोटाने चाचपला आणि म्हणाली, मिक्सरातलं वाटण पाणचट होतं. चिठ्ठीवर बाराशे. आई म्हणाली, "तीनशे दे. आणि टाकी लावून घे, गुळगुळीत झालाय." मी बघतच राहिलो. आमच्या कंपनीत डायनॅमिक प्रायसिंगवर अख्खी टीम बसते.

पण माझा जीव अडकला होता तो झोपाळ्यात. शिसवी, पितळी कड्यांचा, आजोबांचा. तो मी विकायला काढलाच नव्हता, ओटीवर टांगलेलाच होता. फाटकातून एकाला दिसला आणि त्याने अठरा हजार सांगितले. मी नाही म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "घेऊन जा."

संध्याकाळी दादाचा ठाण्याहून फोन. "आजोबांचा झोपाळा विकला?" आईने फोन माझ्या हातातून घेतला. "तुझे आजोबा त्यावर बसून हुकूम सोडायचे आणि मी पळायचे. तीस वर्षं तो मी पुसला. बसले एकदाही नाही." पलीकडे शांतता. इकडेही.

आमच्या धंद्यात गार्बेज कलेक्शन नावाची गोष्ट असते. ज्या वस्तूकडे कुणाचाच रेफरन्स उरला नाही, ती मेमरीतून काढून टाकायची. घर रिकामं करताना मी तेच शोधत होतो, कुणाची आठवण कशात आहे. पण आठवण आहे म्हणजे ती गोडच असेल, हे कुणी सांगितलं? घंगाळ बघून मला दिवाळीची पहाट आठवते. आईला पहाटे चारला बंब पेटवून दहा माणसांचं पाणी काढणं आठवतं. घंगाळाचे चार हजार आले तेव्हा तिने ते दोनदा मोजले, मजेत.

तिने मागे काय ठेवलं? एक विळी. तिचं पातं झिजून निम्मं झालंय, भंगारवाल्यानेही विचारलं नसतं. आमच्या पुण्याच्या ओट्यावर ती ठेवता येत नाही, म्हणून आई खाली पेपर पसरून नारळ खवते. का ठेवली, ते मी विचारलेलं नाही.

उरलंसुरलं सोमवारी मोडीत गेलं. रविवारचे पैसे आईच्याच पाकिटात आहेत. दादाने त्यांचा विषय काढलेला नाही, मीही नाही.

तुमच्याही गावाला असं एखादं भरलेलं घर असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी एक रविवार काढा. डिकी उघडा, सामान मांडा. मात्र भाव त्या सामानाने ज्यांची कंबर मोडली त्यांना ठरवू द्या, आणि तेही ते माणूस खुर्ची टाकून बसू शकतंय तोवरच.