जुनी लँड क्रूझर वाळूत नेताना

1990 साली आलेली टोयोटा लँड क्रूझर 80 ही मुळात घरची माणसं आणि सामान वाहणारी गाडी. पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल आणि चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या सिम्प्सन वाळवंटासाठी ती आजही निवडली जाते. तिथे वाळूच्या हजाराहून अधिक टेकड्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात.

पैसा आधी दुरुस्तीवर जावा. वाळूत गाडी सावकाश सरकते, इंजिन मात्र जोरात घुमते. वारा कमी लागतो आणि जुना रेडिएटर किंवा सुस्तावलेला फॅन क्लच तिथेच दगा देतो. त्यानंतर जाड स्प्रिंग. दोन इंच उंची पुरे. त्याहून उचललेली गाडी फोटोत रुबाबदार दिसते, पण आडव्या उतारावर कलंडायला टेकलेली असते.

खरी किमया टायरच्या हवेत. रस्त्यावरचा 35 पीएसआय दाब 16-18वर आणला की टायर कणकेच्या गोळ्यासारखा दबतो. तो रुंदीपेक्षा लांबीत जास्त पसरतो, त्यामुळे वजन विभागून चाक रुतत नाही. डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरायची, म्हणून कॉम्प्रेसर हवाच.

वाळवंटाच्या एका कडेच्या माउंट डेअरपासून दुसऱ्या कडेच्या बर्ड्सव्हिलपर्यंत सुमारे 500 किलोमीटर पेट्रोल पंप नाही. 95 लिटरची टाकी अपुरी पडते, जादा टाकी लागते. इंधनाचे कॅन टपावर मात्र लादू नयेत. समोरून येणाऱ्याला टेकडीआडून दिसावा म्हणून उंच झेंडा सक्तीचा आहे. या वाळवंटातलं दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतलं राष्ट्रीय उद्यान 1 डिसेंबर ते 15 मार्च बंद असतं.