मावशीपासून मेंटॉरपर्यंत

शिर्डीत माझ्या वयाच्या बायकांना विचारा, तुम्हाला धीट कुणी केलं? एखादी शाळेतल्या बाईंचं नाव घेईल. पण बऱ्याच जणी हारवाल्या मावशींकडेच बोट दाखवतील.

ऐंशीच्या दशकातली ती शिर्डी. आगगाडी कोपरगावपर्यंत, पुढे एस.टी. किंवा टांगा. गुरुवारच्या पालखीला गर्दी व्हायची, पण त्या गर्दीतही ओळखीचे चेहरे सापडायचे. शाळा सुटली की आम्ही पोरी मावशीच्या पाटीभोवती फतकल मारून बसायचो. झेंडूची फुलं निवडायची, दोऱ्यात ओवायची, गुलाब मधोमध येईल असं बघायचं. हात चालू, तोंडही चालू. भाविक आंध्रातले फार, म्हणून मावशीनं आम्हाला तेलुगू अंक शिकवले होते, ओकटि, रेंडु, मूडु. हिंदी तर तिची स्वतःचीच होती, व्याकरणाला न जुमानणारी. भाव सांगताना एखादी पोर लाजली की ती खेकसायची, "गिऱ्हाईक वर बघून बोलतंय, तू का गं जमिनीशी बोलतीस?"

वही नाही, पेन नाही. दिवसाचा सगळा हिशोब तिच्या डोक्यात. भिशी चालवायची ती, बसण्याच्या जागेवरून दोघींचं वाजलं तर मिटवायचीही तीच. आज हेच सगळं पॉवरपॉइंटवर दाखवतात आणि त्याला नेतृत्वगुण म्हणतात.

पण त्या काळाला उगाच सोन्याचा मुलामा देण्यात अर्थ नाही. एवढी कर्तबगार बाई, पण ग्रामसभेला जायचं तिच्या मनातही आलं नसेल आणि तिला या म्हणून कुणी सांगितलंही नसेल. आणि आम्हाला मान वर करायला शिकवणारी हीच मावशी आमची दहावी झाली रे झाली की स्थळं घेऊन दारात उभी! माझ्या वर्गातल्या कितीतरी हुशार पोरी तिच्याच मध्यस्थीनं वैजापूर-येवल्याकडे नांदायला गेल्या. तिला वाटे, पोरींचं भलंच करतेय.

आता आमच्याच आळीतली एक मुलगी पुण्यात इंजिनिअरिंग करते. तिला एक फेलोशिप मिळालीय, फीला हातभार आणि सोबत मेंटॉर. सुट्टीला घरी आली तरी रविवारी सकाळी फोन भिंतीला टेकवून बसते. पलीकडच्या मॅडम विचारतात, "मुलाखतीत पगाराची अपेक्षा विचारली तर काय सांगशील?" मुलगी अडखळते. "पुन्हा सांग. हसू नकोस, आकडा सांग." आई चहाचा कप घेऊन दारातच थबकते. मुलगी आपल्या कामाची किंमत मोठ्यानं सांगतेय, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत असतं.

महाराष्ट्रात हे काम मन लावून करणाऱ्यांत लीला पूनावालांचं नाव आधी घ्यावं लागतं. फाळणीत सिंधमधून आलेल्या कुटुंबातली ही मुलगी 1967 मध्ये पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून मेकॅनिकल इंजिनिअर झाली आणि पुढे अल्फा लाव्हल कंपनीची प्रमुख. 1995 मध्ये त्यांनी फाउंडेशन काढलं. हुशार पण पैशाअभावी अडलेल्या मुलींना नुसता चेक देऊन ते थांबत नाही. बोलावं कसं, नोकरीत टिकावं कसं, हेही तिथं शिकवतात.

तसा आपला जिल्हा या बाबतीत कधीच मागे नव्हता. ज्यांचं नाव आता जिल्ह्याला मिळालं त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, आणि त्यांना कारभारात तयार केलं ते सासऱ्यांनी, मल्हाररावांनी. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही नगरला, मिस फरार यांच्याकडे.

मला मात्र सगळ्यात जास्त पटतं ते जामखेडचंच दुसरं उदाहरण. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथं गेले. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. या आरोग्यसेविका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या आणि रात्री एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपायच्या. शिकलेलं गावात करून बघायचं, पुढच्या खेपेला काय जमलं, कुठं अडलं ते सांगायचं. बाळंतपणापासून हगवणीपर्यंत सगळं याच रीतीनं शिकल्या. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता नेतृत्व विकासाची शिबिरं पैशाला पासरी झाली आहेत. तीन दिवस, एक बॅनर, एक ग्रुप फोटो, प्रमाणपत्र, राम राम! 2011 पासून राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. खुर्ची मिळाली हे खरंच, पण किती गावांत सरपंचबाईंचा फोन अजून त्यांचे मालकच उचलतात! तीन दिवसांच्या शिबिरानं हे बदलत नाही. 'मागच्या वेळी ठरलेलं केलंस का?' असं पुढच्या आठवड्यातही विचारणारं कुणी असलं, तर बदलतं. मावशीकडे ते रोजचं विचारणं होतं, पण पोरीला पाटीच्या आणि लग्नाच्या पलीकडे काही असतं हे तिला दिसत नव्हतं. आजच्या मेंटॉरला ते दिसतं. म्हणून जुनं सगळं आठवूनही माझं मत आजच्याच बाजूनं.

फक्त फेलोशिप मिळणाऱ्या मुली मूठभर आणि अर्ज करणाऱ्या ढीगभर. शिर्डीत आज लॉज चालवणाऱ्या, दुकानं सांभाळणाऱ्या, बचत गट उभे करणाऱ्या, निवडून आलेल्या बायका काही कमी नाहीत. बायांनो, आपापल्या ओळखीतली कॉलेजातली एक मुलगी धरा आणि आठवड्याला एक तास तिला द्या. वार कुठलाही चालेल. गुरुवार तेवढा सोडा, त्या दिवशी शिर्डीत कुणालाच फुरसत नसते.